मागचं डावं चाक

पेन्सिल दोनशे अठ्ठावन्नवर थांबली आणि मला आधी स्वतःचाच राग आला. रविवारची सकाळ, अधिक महिना, सासरी तिसगावला धोंडे जेवायला जायचं, रोहिणीनं माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, आणि मी केडगावातल्या आमच्या दोन खोल्यांत टेबलाशी बसून गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकातलं ब्रेकचं प्रकरण तपासत होतो. हा काय स्वभाव झाला. पण आहे खरा. नगरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात छोट्या मालवाहू पिकअपचे ब्रेक ड्रम ओतले जातात आणि ते मापात आहेत की नाहीत हे बघायचं काम माझं. ज्या कंपनीची ती गाडी, तिनं गॅरेजवाल्यांसाठी मराठीत जाडजूड पुस्तक काढलंय. गेल्या वर्षापासून ते गावोगावच्या मेस्त्र्यांकडे पोचलंय. आता दुसरी आवृत्ती काढायच्या आधी तुमच्या मालाची मापं तुमच्या ड्रॉइंगशी ताडून द्या, म्हणून पानं आमच्याकडे आली होती. साहेबांनी ती माझ्याकडे सरकवली, कारण चूक काढायची म्हटलं की कारखान्यात माझंच नाव निघतं. कौतुकानं नव्हे. अंगद कॅन्टीनच्या आमटीत मीठ किती ग्रॅम जास्त आहे तेसुद्धा सांगतो, असं माझ्यामागं बोलतात, आणि ते अगदीच खोटं नाही.

ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसलेलं ओतीव लोखंडाचं पसरट भांडं. ब्रेक दाबला की आतले लायनर फाकतात, भांड्याच्या भिंतीला आतून दाबून धरतात आणि चाक थांबतं. घासून घासून भांडं आतून रुंद होत जातं, भिंत पातळ होत जाते. भिंतीला रेघा पडल्या की ड्रम लेथवर लावून आतून गुळगुळीत करून आणतात, त्यातही भिंतच जाते. म्हणून एक माप ठरलेलं असतं: आतला व्यास इथवर आला की ड्रम भंगारात टाकायचा. आमच्या ड्रॉइंगवर ते माप दोनशे छप्पन्न मिलिमीटर आहे. पुस्तकात दोनशे अठ्ठावन्न छापलं होतं. मी ड्रॉइंगवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. जुन्या मॉडेलचा ड्रम जाड भिंतीचा होता, त्याचा आकडा वरच्या ओळीत; छापणाऱ्यानं तोच खालच्या ओळीत ओढला असणार. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाचा एक दाणा. सपाट रस्त्यावर या दाण्यानं काही होत नाही. पण भरलेली गाडी लांब उतारावर असली आणि ड्रायव्हरचा पाय सतत ब्रेकवर असला, की पातळ भिंत तापते, फाकते आणि एखाद्या वळणावर तडकते. मग पाय थेट खाली जातो. हे मी कारखान्यात नव्यानं लागलेल्यांना दरवर्षी शांतपणे समजावून सांगतो. त्या सकाळी मला तेवढं शांत राहता आलं नाही, कारण ज्ञानेश्वरचा फोन आठवला.

ज्ञानेश्वर माझा मेहुणा, रोहिणीचा धाकटा भाऊ. तिसगावच्या बाजारातून भाजीपाला, कधी कांदा, कधी शेळ्या असं काय मिळेल ते वाहतो. त्याची पिकअप तीच, ड्रम आमचेच. परवा त्यानं आपणहून फोन करून सांगितलं होतं, की मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमला रेघा पडल्या होत्या, लेथवर मारून आणला. दोनशे साडेसत्तावन्न झालाय, मेस्त्रीनं पुस्तक उघडून दाखवलं, अजून अर्धा एमएम जागा हाय म्हनला. त्याच्या आवाजात अभिमान होता, कारण पुस्तकात बघ, पुस्तकात बघ, हा माझाच धोशा. मी त्याला शाब्बास म्हणालो होतो. आता मी तो शब्द तोंडात फिरवत बसलो आणि त्याची चव लोखंडासारखी लागायला लागली. साडेसत्तावन्न म्हणजे भंगारात टाकायच्या मापाच्याही दीड मिलिमीटर पुढे. ड्रम नव्हताच तो, पापड होता, आणि तो ज्ञानेश्वरच्या गाडीला लागलेला होता.

फोन लावला. तो गाडी धूत होता, पाण्याचा फवारा पत्र्यावर पडल्याचा आवाज येत होता. मी सांगितलं. तो ऐकून घेऊन हसला. दाजी, कंपनीचं छापील पुस्तक चुकलं व्हय, म्हणाला. मेस्त्री चुकतो असं मी म्हणत आलो, पुस्तकही चुकतं असं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. गाडी आज काढू नकोस म्हटल्यावर तो म्हणाला, काढायलाच पायजे, जेवणं झाली की आईला आणि गल्लीतल्या बायांना मायंबाला न्यायचं ठरलंय, अधिकातलं दर्शन हाय, तिनं नवस बोललाय. मायंबा म्हणजे मढीच्या पुढचं डोंगरावरचं देवस्थान, घाट चढून जायचं. चढताना काही नाही. परत येताना सगळा उतार, आणि पिकअपच्या हौद्यात सासूबाई, शेजारची साळूबाई आणि आणखी दहा-पंधरा बाया, कुणाकुणाच्या मांडीवर नातवंडं. मी कंपनीला मेल पाठवला, साहेबांना फोन केला. साहेब कुठल्याशा वाढदिवसाला गेले होते. उद्या बघू, चांगलं पकडलंस, म्हणाले. उद्यापर्यंत नगर जिल्ह्यातल्या किती मेस्त्र्यांनी ते पान उघडलं असेल, हा विचार मी बाजूला सारला. एवढा मोठा विचार मला त्या वेळी झेपला नसता. मला एकच गाडी थांबवायची होती.

माळीवाड्याच्या स्टँडवरून आम्हाला एसटी मिळाली. ऊन असं होतं की खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. मी रोहिणीला सगळं सांगितलं, अंगावर पडलेलं झटकल्यासारखं घाईघाईनं. तिनं ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी ज्ञानूला बाजूला घेऊन सांगते. तुम्ही लोकांत काढू नका. आज एक दिवस कशातच चुका काढू नका." ती असं का म्हणाली ते मला कळत होतं. आमच्या लग्नात मांडवाचा एक खांब हलत होता. मी तो हलवून बघितला, खड्डा उथळ होता, आणि तो ठोकून घेतल्याशिवाय मी मांडवात बसत नाही असं म्हणालो. मला खरोखर एवढंच म्हणायचं होतं. पण नवरा मुलगा मांडवाबाहेर उभा आहे म्हणजे रुसला आहे, हे सगळ्या वऱ्हाडाला एका क्षणात कळलं. कानात कानात बोलणं झालं, कुणाची तरी अंगठी उतरवून माझ्या बोटात आली, वाजंत्री वाजली आणि मला खांद्याला धरून आत नेण्यात आलं. खांब कुणी ठोकला नाही. तो पडलाही नाही, संध्याकाळपर्यंत उभा राहिला. तेव्हापासून तिसगावात माझी ओळख हावरट जावई अशी पक्की झाली. अंगठी मी दुसऱ्या दिवशी परत दिली, तर ती हलकी वाटली असेल म्हणून दिली, असा अर्थ निघाला. रोहिणीनं हे सगळं हसण्यावारी नेलं, पण माहेरी जायचं म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी.

करंजी घाट लागला आणि माझा उजवा पाय आपोआप पुढं सरकून समोरच्या बाकाखाली दाबून बसला. ड्रायव्हर गिअर उतरवत होता, ब्रेक मारत होता, सोडत होता, आणि प्रत्येक वेळी मी त्याच्याआधी दाबत होतो. तापलेल्या लायनरचा वास खिडकीतून आला. हा वास माझ्या कपड्यांना रोज असतो, रोहिणी तो निरम्यानं घालवते, पण त्या दिवशी मी खिडकीची काच ओढून घेतली. मला उसाची गाडी आठवली. लहानपणी आम्ही साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचो. फडातून रस्त्यावर यायला एक उतार होता, आणि भरलेली बैलगाडी उतारावर आली की मागचा सगळा ऊस बैलांच्या मानेवर यायचा. वडील जुवाला पाठ लावून, टाचा मातीत रोवून उलटे उतरायचे. आई मागं साखळीनं बांधलेला ओंडका फरफटत ठेवायची. मी वर मोळ्यांवर बसलेला असायचो आणि मला फक्त वडिलांच्या टाचा दिसायच्या, त्या मातीत दोन रेघा ओढत चाललेल्या. त्या टाचा कधी सुटल्या नाहीत. म्हणून मी ब्रेकच्या धंद्यात आलो असं म्हणायला बरं वाटेल, पण मी आलो तो पेपरातली जाहिरात बघून. घाट संपला तरी माझा पाय निघेना. रोहिणीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बहुतेक सवयीनं, आणि करंजीच्या स्टँडवर गाडी थांबल्यावर काढून घेतला.

पिकअप दारातच उभी होती, धुतलेली, बॉनेटवर झेंडूची माळ, पुढच्या चाकाशी फुटलेला नारळ. सकाळीच पूजा झाली होती. हौद्यात सतरंजी अंथरलेली, आणि बाया आत्ताच ओट्यावर येऊन बसल्या होत्या, नव्या साड्या, हातात ओटीच्या पिशव्या. मी चप्पल न काढता थेट मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसलो. ड्रमवर बाहेरून मर्यादेचं माप ओतीव अक्षरांत असतं, आम्हीच ओततो. ते ज्ञानेश्वरला दाखवलं की छापील पुस्तकापेक्षा लोखंडावर त्याचा विश्वास बसला असता. पण आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा करायची तर चाकंही चांदीच्या रंगानं रंगवतात, आणि रंगवणारा हात चाकाच्या भोकांतून आत जाऊन ड्रमलाही एक फासून घेतो. वर्षानुवर्षं. अक्षरांच्या जागी गुळगुळीत चंदेरी फुगवटा होता. मी खिशातली घराची किल्ली काढून भोकातून आत घातली आणि खरवडायला लागलो. एक गोल उकलला, पाच किंवा सहा असेल, बाकी काही दिसेना. ज्ञानेश्वर येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. चाक खोल, मी म्हणालो, आत्ता खोल. पूजा झालेल्या गाडीचं चाक खोलत न्हाईत, दाजी, तो म्हणाला, आणि खोलून काय करणार, तुमच्याकडं माप हाय का? नव्हतं. आतलं माप घ्यायचं हत्यार कारखान्याच्या कपाटात कुलपात होतं. गावात शिंप्याची टेप मिळाली असती, तिनं दीड मिलिमीटर मोजता येत नाही. तो खरं बोलला. रोहिणी त्याला गोठ्याकडं घेऊन गेली, दोघं बोलत उभे राहिले, ती हातानं गोल दाखवत होती. परत आली तेव्हा तिनं मान हलवली, नाही म्हणून.

सासऱ्यांनी, पुंजाराम त्यांचं नाव, माझा दंड धरून मला उठवलं. मऊ बोलणारा माणूस. पाहुणं, कपडं खराब व्हतील, म्हणाले, आणि मला पाटावर नेऊन बसवलं. शेजारी रोहिणी. अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, म्हणून सासूबाईंनी माझे पाय ताम्हनात घेऊन धुतले. मला हे कधीच सहन होत नाही. सासूबाईंचं नाव लंकाबाई, हातांना भेगा, आणि त्या भेगांतून माझ्या पावलांवरून कोमट पाणी वाहत होतं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एकच येत होतं, की याच बाई दोन तासांनी मायंबाच्या उतारावर हौद्याच्या कडेला धरून बसलेल्या असतील. त्या नेहमी कडेला बसतात, वारं लागावं म्हणून. कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट आलं. पुरण भरून उकडलेले धोंडे, त्यांच्यावर तूप, बाजूला आमरस. तेहतीस धोंड्यांचं वाण वेगळं, परातीत, वर दिवा लावून. सगळे थांबले. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, आणि घर जेवल्याशिवाय गाडी निघणार नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा माझा हात ताटाकडे जात होता. मी तो मांडीवर परत ठेवला.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. सासऱ्यांनी विचारलं, काही कमी पडलं का. मी म्हणालो, काही नाही, फक्त गाडी मायंबाला न्यायची नाही. का वं, असं त्यांनी विचारल्यावर मी रसाची वाटी उचलली आणि तिच्या भिंतीवरून बोट फिरवत सगळं पहिल्यापासून सांगितलं: ड्रम, भिंत, दोनशे छप्पन्न, पुस्तकातली चूक. मी चांगलं सांगितलं. कारखान्यात यापेक्षा चांगलं कधी सांगितलं नसेल. सासरे मान हलवत होते, पण कानांनी ऐकत नव्हते, ते माझ्या चेहऱ्यावर दुसरंच काही शोधत होते. ओट्यावरून साळूबाईचा आवाज आला, "जावई रुसलं वाटतं." आणि मी डोळ्यांदेखत बघितलं, सगळ्या घराला हायसं वाटलं. सासूबाईंचे खांदे सैल झाले. ज्ञानेश्वर पुन्हा हसायला लागला. जी गोष्ट कुणाला कळत नव्हती ती आता सगळ्यांना कळली. जावयाचा रुसवा कसा काढायचा हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं.

सफारीचं कापड आलं. मग घड्याळाचा डबा आला, तो त्यांनी जेवण झाल्यावर द्यायला ठेवला असणार. मी नको म्हणालो, की नको म्हणण्याचाही अर्थ ठरलेला. मी दोनशे छप्पन्न म्हणालो की सासरे हो हो म्हणत आणि ज्ञानेश्वरकडे बघत, म्हणजे अजून थोडं वाढवावं लागणार. तो माझ्यापुढं उकिडवा बसला आणि समजुतीनं म्हणाला, "दाजी, गाडीला नावं ठिवू नका. काय पायजे ते सरळ सांगा." मला त्या सगळ्यांचा संताप आला, त्या मऊ आवाजांचा, त्या घड्याळाच्या डब्याचा. आणि संतापाच्या खाली, कारखान्यात असतो तसा, तो दुसरा आवाज सुरू झाला: तू मोजलंयस का? साडेसत्तावन्न हे फोनवर ऐकलेलं. ज्ञानेश्वरनं मेस्त्रीकडून ऐकलेलं, मेस्त्रीनं लेथवाल्याकडून. लेथवाल्याचं हत्यार कधी तपासलेलं असेल? कदाचित ड्रम साडेपंचावन्न असेल आणि तू या बाईचा नवस मोडायला बसला आहेस. कुणी असं ऐकीव माप माझ्यापुढं आणलं असतं तर मी सही केली नसती. धोंड्यावरचं तूप थिजून पांढरं व्हायला लागलं होतं. त्याच्याकडे बघता बघता मला हौदा दिसला, सतरंजी, कडेला धरलेला भेगांचा हात, आणि ज्ञानेश्वरचा पाय खाली जाऊन तिथंच राहिलेला. साडेपंचावन्न असेल तर मी मूर्ख ठरेन. मूर्ख ठरायला माझी हरकत नव्हती, पण तेवढ्यानं गाडी थांबत नव्हती.

ज्ञानेश्वर उठला. जेवू द्या त्यास्नी निवांत, म्हणाला, बाया उन्हाच्या बसल्यात, मी त्यांना तवर दर्शन घडवून आणतो, आल्यावर समदे संगं जेवू. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जावई जेवल्याशिवाय निघायचं नाही, या एकाच गोष्टीवर मी गाडी अडवून बसलो होतो आणि त्यानं ती हसत हसत बाजूला केली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग बायांकडे, मग डोक्यावरून पदर घेतला. खुंटीवरून किल्ली निघाल्याचा आवाज झाला. ओट्यावर पिशव्या उचलल्या गेल्या, कुणीतरी नातवाला हाक मारली. रोहिणीनं माझं मनगट धरलं होतं. मला जेवढं खरं माहीत होतं तेवढं सगळं मी बोलून संपवलं होतं. त्यातलं एकही अक्षर या घरात पोचलं नव्हतं. या घरात माझं कुठलं बोलणं पोचतं, ते मला तेवढ्यात कळलं.

"मला गाडी पाहिजे," मी म्हणालो.

ज्ञानेश्वर वळला. सासरे म्हणाले, काय म्हनला. मी पुन्हा म्हणालो, यंदाच्या धोंड्याला मला हीच गाडी पाहिजे, आणि ती आत्ता पाहिजे, किल्ली ताटात ठेवा, तरच घास घेतो. बोलताना माझा आवाज मला चांगला ऐकू आला. असले जावई गावागावांत असतात, त्यांचा आवाज असाच असतो. ओट्यावर कुणी हसलं नाही. साळूबाई आत बघत होती ती नजर खाली घालून पिशवीचा बंद सोडायला लागली. ज्ञानेश्वरचं तोंड उतरत गेलं, आधी कपाळ, मग गाल. ती गाडी म्हणजे त्याचा सगळा संसार होता आणि हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तो काहीतरी बोलणार होता, पण सासऱ्यांनी हात वर केला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवली. पाय धुतलेला माणूस, अधिकाचा महिना, आणि सगळ्या गल्लीसमोर मागितलेलं. त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं आणि ते जाणूनच मी मागितलं होतं.

"दे," ते म्हणाले.

ज्ञानेश्वरनं किल्ली ताटात ठेवली. टाकली नाही, ठेवली, धोंड्यांच्या शेजारी, आवाज न करता. सासूबाई देव्हाऱ्याकडे गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि किल्लीला हळद लावली, कुंकू लावलं, वर दोन अक्षता टाकल्या. देताना रीतीनं द्यायचं, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं. मग त्या म्हणाल्या, "आता घास घ्या." मी धोंडा मोडला आणि खाल्ला. पुरण उत्तम होतं, गूळ नेमका होता, वेलदोडा बरोबर होता, कशातही चूक नव्हती. मी एक संपवला आणि दुसरा घेतला, कारण आता थांबलो असतो तर त्याचाही काही अर्थ निघाला असता. ओट्यावरच्या बाया एकेक करून उठल्या आणि नवीन साड्या सावरत आपापल्या घरी गेल्या. कुणी मायंबाचं नाव काढलं नाही. ज्ञानेश्वर मागच्या दारानं मळ्याकडे निघून गेला, न जेवता.

दुपार कलल्यावर मी बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो. सावली नव्हती, पत्रा तापला होता, झेंडूची फुलं सुकून आत वळली होती. माझ्या मनात सगळं नीट लागलेलं होतं: गाडी इथंच राहील, किल्ली माझ्या खिशात, उद्या कारखान्यातून नवा ड्रम आणि मापाचं हत्यार घेऊन येतो, बसवतो, गाडी ज्ञानेश्वरच्या हातात परत देतो. ते मला काय म्हणतील ते म्हणोत. मी त्याचा हिशेब पाटावर बसूनच केला होता, माझी काय अब्रू होती तिथं की जाईल. रोहिणी बाहेर आली. तिनं सकाळची चांगली साडी बदलून घरातली नेसली होती, आईची. ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली, हौदा आमच्या मध्ये.

"उद्या तुम्ही परत देणार, ते मला कळलंय," ती म्हणाली. "पण मागितलं ते मागितलं. आई आत भांडी घासतेय, माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतंय आपण दोघं घरूनच ठरवून आलो." तिनं हौद्यातल्या सतरंजीची घडी घातली, कडा जुळवल्या, पुन्हा उलगडली. "तुमचं ठीक आहे, तुम्ही वर्षातून एकदा येता. मी कोणत्या तोंडानं येऊ?"

हे मी धरलंच नव्हतं. पाटावर बसून मी माझी लाज मोजली, ज्ञानेश्वरचा राग मोजला, सासऱ्यांचा मोठेपणा मोजला, आणि शेजारी बसून माझं मनगट धरलेल्या बाईचं माहेर माझ्या मोजणीतून सुटलं होतं. मला तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी दुसरीकडे बघितलं, खाली, चाकाकडे. किल्लीनं खरवडलेला तो एक गोल चंदेरी रंगात काळा दिसत होता. पाच किंवा सहा.

"एक सांगा," ती म्हणाली. "खरंच गेलाय ना तो ड्रम?"

मला माहीत नव्हतं. हत्यार नगरला कुलपात होतं, आकडा तिघांच्या तोंडून फिरून आलेला. कारखान्यात साहेबांनी जरी असं विचारलं असतं तरी मी म्हणालो असतो, मोजल्याशिवाय सांगत नाही. ती हौद्याच्या पलीकडे सतरंजी छातीशी धरून उभी होती आणि तिला आत जायचं होतं, आईजवळ, भांडी विसळायला.

"गेलाय," मी म्हणालो.